दीन आणि दीन

रोमन लिपीतील ज्या चार अक्षरांनी फ्रेंच मनुष्य पाव मागतो, त्याच चार अक्षरांनी इंग्रज आपली वेदना सांगतो, आणि लॅटिनमध्ये शोधू गेल्यास दोहोंची मुळे निरनिराळी निघतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील मनुष्याला मात्र या नवलासाठी युरोपास जाण्याचे प्रयोजन नाही. कादिरी परंपरेतले असूनही मराठी ओवीत ‘योगसंग्राम’ रचणाऱ्या शेख महंमदांच्या श्रीगोंद्यात ‘दीन’ हा शब्द दोन घराण्यांतून येऊन भेटतो: संस्कृतातला दीन म्हणजे अगतिक, ज्याचा कैवारी म्हणून पांडुरंगास दीनानाथ म्हणावयाचे, आणि अरबीतला दीन म्हणजे धर्म, जो फारसीचे बोट धरून इकडे आला.

शब्दार्थसंबंध नित्य मानणाऱ्या मीमांसकाने या योगायोगाचे काय करावे? संबंध संकेताने ठरतो म्हणणाऱ्या नैयायिकाला अडचणच नाही. ‘सैंधव आण’ म्हटल्यावर जेवताना मीठ आणावे व प्रवासास निघताना घोडा, हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. पण मीठ काय आणि घोडा काय, दोन्ही सिंधुदेशीचेच, तेव्हा भिन्न कुळांच्या दीनांना ते पुरते लागू पडत नाही. येथे शब्द एक नसून दोन आहेत, हाच पक्ष मला बलवत्तर वाटतो. व्युत्पत्तीच्या कचेरीत दाद मागावयास कोणी गेला नाही, तरी दीनदुबळा आणि दीनदुनिया यांची गल्लत झाल्याची फिर्याद ऐकिवात नाही, कारण भर्तृहरीने अर्थनिर्णयाच्या साधनांत सांगितलेला अन्य शब्दाचा संनिधी, म्हणजे सोबतीचा शब्द, ते काम बिनबोभाट उरकतो.