न लागलेल्या वणव्याचा हिशेब

सरकारी निविदेचा मसुदा ही काही दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायची वस्तू नव्हे, हे मला ठाऊक आहे. अनामत रक्कम, सुरक्षा ठेव, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा हे शब्द कानावर पडले की कुरकुरीत चकलीसुद्धा मऊ पडावी. तथापि या रूक्ष कागदांच्या आत कधी कधी असा एखादा प्रश्न दडून बसलेला असतो, की जो नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतही इतक्या उघड्या रूपात भेटत नाही. वणवा आटोक्यात आणण्याची साधने आणि माणसे सरकार कंत्राटाने घेते, तेव्हा ते नेमके काय विकत घेते? आणि त्याचे रास्त मोल कोणते?

सोलापूरच्या माणसाने वणव्याविषयी बोलावे याचे कुणाला हसू येईल. आमच्याकडे अरण्य आहे कुठे? आग म्हटली की आम्हाला सूत आठवते, कापड आठवते, कारखाना आठवतो. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात आठ जीव गेले, ते दुःख अजून निवलेले नाही. परंतु बार्शीच्या रस्त्याने नान्नजकडे जाऊन पाहावे. तिथे झाडे थोडी आणि गवत फार. श्रावणात हिरवेगार असलेला माळ दिवाळीच्या सुमारास पिवळा पडू लागतो आणि शिमग्यापर्यंत असा कडकडीत वाळतो की त्यावरून चालणाऱ्याच्या पायाखाली त्याचा आवाज होतो. १९७९ साली इथे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. पुढे त्याचे क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले आणि माळढोकही जवळजवळ दिसेनासा झाला. पण काळवीट आहे, लांडगा आहे, धनगराची मेंढरे आहेत, आणि उघड्या जमिनीवर चार खड्यांच्या आधाराने अंडी घालणारी टिटवी आहे. तिची अंडी ऐन उन्हाळ्यात जमिनीवर असतात. अशा माळाला एक विडी पुरते. शेजारच्या शेतात उसाचे पाचट पेटवताना उडालेली एक ठिणगी पुरते. वारा असेल तर मग माणसाने धावायचे आणि आगीने त्याच्या पुढे धावायचे, असा खेळ होतो.

या खेळासाठी सरकारला खरेदी करावी लागते. सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे जाळरेषा. हंगामाआधी गवताचा एक पट्टा कापून, माणसे जवळ उभी करून तो जाळून टाकायचा, म्हणजे पुढे येणाऱ्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. त्यानंतर पाठीवर बांधायची पेट्रोलवर चालणारी फुंकणी यंत्रे, पाण्याचे टँकर, पायांत घालायचे बूट, आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत राखण करणारे हंगामी पहारेकरी. हे सगळे निविदेने किंवा दरपत्रकाने येते. २०१६ पासून केंद्र सरकारने संगणकावर स्वतःची बाजारपेठच उघडली आहे. तिथे टेबल-खुर्चीप्रमाणे यंत्रेही निवडता येतात. सोय मोठी आहे. मात्र एक गोष्ट त्या बाजारपेठेला दिसत नाही. चंद्रपूरच्या सागवानी रानात पाचोळा पडतो, तो फुंकून बाजूला करता येतो. आमच्या माळावर गवत मुळासकट उभे असते, ते आधी कापल्यावाचून कुठलेही यंत्र त्याला हलवू शकत नाही. म्हणजे यंत्र तेच, पण एका ठिकाणी ते हत्यार आणि दुसऱ्या ठिकाणी पुष्कळसे शोभेची वस्तू.

देहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची खबर वनरक्षकाच्या मोबाईलवर धाडते. या विद्येचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो, आणि गवताची आग त्याची वाट पाहत थांबत नाही. खबर येईपर्यंत कित्येकदा माळ काळा झालेला असतो. शेवटी टेकाडावर बसून धूर पाहणारा माणूस लागतोच.

त्यात आणखी एक विचित्र योग आहे. सरकारच्या पैशाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वणव्याचे वर्ष त्या दिवशी ऐन भरात असते. मार्चअखेर मागची बिले उरकण्याची धावपळ, एप्रिलमध्ये नव्या तरतुदीची वाट. आणि मधल्या दिवसांत गवताला अर्थसंकल्प समजत नाही. जाळरेषा डिसेंबर-जानेवारीत निघाली तर तिचा उपयोग. तीच एप्रिलमध्ये निघाली तर कागदावर काम पुरे आणि माळावर निरर्थक.

पण मला छळणारा प्रश्न याहून खोल आहे. समजा, एका कंत्राटदाराने तीन महिने टँकर, चालक आणि दहा माणसे तयार ठेवली, आणि त्या वर्षी आग लागलीच नाही. हिशेब तपासणारा विचारतो, टँकर किती वेळा गेला? एकदाही नाही. मग पैसे कशाचे? तपासनिसाला दोष देता येत नाही. पैसा लोकांचा आहे आणि तो विचारण्यासाठीच नेमला आहे. बरे, आग लागेल तितकेच पैसे द्यावेत म्हणावे, तर आग ही कुणाची तरी मिळकत होऊन बसते. कोणी मुद्दाम काडी लावील असे मी म्हणत नाही. माणूस इतका वाईट नसतो. पण जाळरेषा वेळेवर निघावी अशी तळमळ मग कुणाला उरत नाही, एवढे खरे. अमेरिकेच्या वन खात्याने आग विझवणाऱ्या विमानांसाठी दोन्ही तऱ्हेचे करार ठेवले आहेत. एकात विमान हंगामभर राखून ठेवल्याचे रोजचे पैसे आणि उड्डाणाचे वेगळे. दुसऱ्यात बोलावले तरच पैसे, पण तेव्हाचा दर चढा. त्या श्रीमंत देशालाही वाट पाहण्याचा दर ठरवताना डोके खाजवावे लागते.

खरे म्हणजे हे कोडे आपल्या घरात रोज सुटते. चुलीवर दूध ठेवून आई समोर उभी राहते. ती ढवळत नाही, फुंकत नाही, नुसती उभी असते. दूध उतू गेले नाही तर घरात कुणी म्हणत नाही की आज आईने मोठे काम केले. ती पाच मिनिटे वळली आणि दूध गेले, की मात्र सगळे घर बोलते. न घडलेल्या अनिष्टाला साक्षीदार नसतो, म्हणून त्याचे श्रेय कुणाच्याच नावावर जमा होत नाही.

निविदेत ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हा नियम मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. साहेबांच्या भाच्याला कंत्राट मिळू नये म्हणून तो जन्मला; त्यामागे एक नैतिक जाण आहे. पण राखणीच्या कामात हा स्वस्तपणा येतो कुठून? यंत्राची किंमत ठरलेली, पेट्रोलचा भाव पंपावर लिहिलेला. ताणता येण्याजोगी वस्तू एकच उरते, ती म्हणजे माणूस. त्याची मजुरी कायद्याने ठरलेल्या किमान दराखाली कागदावर नेता येत नाही, म्हणून मग कागदावर दहा उभे राहतात आणि माळावर सहा. सहाच्या ठिकाणी दहा होते की नाही, हे आग लागेपर्यंत कळणार नाही. आणि लागली तर आगीचेच नाव खराब. २०२१ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने काही कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. ठीक झाले. पण न लागलेल्या आगीची गुणवत्ता मोजायची कोणत्या तराजूत?

महाभारताच्या आदिपर्वात खांडववनाची कथा आहे. अग्नीला ते वन खायचे होते. कथा सांगते की त्याने सात वेळा प्रयत्न केला आणि सातही वेळा वनातल्या हत्तींनी सोंडा भरभरून पाणी आणले, नागांनी आपल्या फणांनी पाणी ओतले आणि आग विझवली. त्यांना कुणी कार्यादेश दिला नव्हता. आठव्या वेळी अग्नी कृष्णार्जुनांकडे गेला. अर्जुनाने अगदी व्यवहारी माणसासारखे सांगितले की माझ्याजवळ या कामाला शोभेसे धनुष्य नाही, रथ नाही, बाणही पुरायचे नाहीत. आणि अग्नीने वरुणाकडून गांडीव, अक्षय भाते आणि रथ मिळवून दिला. साधनसामग्री पोचली, काम ठरल्याप्रमाणे पार पडले. पाऊस घेऊन आलेल्या इंद्रालाही हात हलवत परतावे लागले. तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले, एवढीच काय ती वाचली. मला या कथेत नेहमी ते हत्ती आठवतात. सात विजय त्यांच्या नावावर आहेत, आणि गांडीवाचे नाव मात्र घरोघर आहे.

आमच्या कायद्यालाही हे हत्ती ठाऊक आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ सांगते की राखीव किंवा संरक्षित वनात ज्याला चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क आहे, त्याने वनातली आग विझवण्यासाठी ताबडतोब झटले पाहिजे; अधिकाऱ्याने बोलावले असो वा नसो. न केल्यास शिक्षा आहे. म्हणजे एकाच आगीपुढे दोन माणसे उभी आहेत: एक करारपत्राने बांधलेला, त्याला मोबदला, दुसरा कायद्याने बांधलेला, त्याला न आल्यास दंड. पहिला टँकर घेऊन येईपर्यंत दुसरा ओल्या डहाळीने झोडपत असतो, कारण मेंढरांचा उन्हाळ्याचा चारा त्याच्या डोळ्यांदेखत जळत असतो. त्याच्या धावण्याला मी निखळ परोपकार म्हणणार नाही. पण असल्या स्वार्थाची बरोबरी करील अशी अट मला अजून कुठल्या करारपत्रात आढळलेली नाही.

उलट टोकाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. २०१० साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात साऊथ फुल्टन या गावाबाहेर एक घर पेटले. तिथल्या रहिवाशांनी गावच्या अग्निशामक दलाला वर्षाला ७५ डॉलर द्यायचे, अशी पद्धत होती. या घरमालकाचे पैसे भरायचे राहिले होते. तो आता लागतील तेवढे देतो म्हणत होता. दलाने नकार दिला. बंब आला, पैसे भरलेल्या शेजाऱ्याची हद्द सांभाळली, आणि घर जळू दिले. हिशेबात चूक काहीच नव्हती. आगीच्या वेळी पैसे घेऊ लागलो तर आधी कोण भरील, हा त्यांचा युक्तिवाद खोडणेही सोपे नाही. तरीही तो ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तिथे करारपत्राने शेजारधर्माची जागा पुरती बळकावली होती.

म्हणून धनगराला फुकट राबवा आणि त्याला शेजारधर्म म्हणा, असे मात्र माझे म्हणणे नाही. फुकट राबवणाऱ्याने दुसऱ्याला धर्म शिकवणे ही वेठबिगारीची जुनीच रीत आहे. महाराष्ट्रात २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजना आहे. चराई, तोड आणि वणवा यांपासून रान चांगले राखणाऱ्या गावच्या समित्यांना तिच्यात बक्षीस मिळते. तुकोबांचे नाव योजनेला शोभतेही. पण बक्षीस निराळे आणि मजुरी निराळी. बक्षीस एका गावाला मिळते. बाकीच्या गावांतही कुणीतरी चैत्राच्या उन्हात टेकाडावर बसून धूर दिसतो का ते पाहत होता, आणि त्याचे दिवस कुठल्याच हजेरीपटावर लागलेले नसतात. निविदेच्या अंदाजपत्रकात टँकरच्या ओळीखाली त्याच्या दिवसांची एक ओळ घालायला कुठल्या लेखाशीर्षाची अडचण येईल, हे सोलापुरातल्या एखाद्या जाणत्या हिशेबनिसाने मला एकदा सांगावे.