हेलपाट्यांचे नीतिशास्त्र

हेलपाटा हा मराठीतला मोठा नेमका शब्द आहे. नुसत्या जाण्यायेण्याला कुणी हेलपाटा म्हणत नाही. पंढरीची वारी पायी केली तरी तो हेलपाटा होत नाही, आणि कचेरी घरासमोर असली तरी तिथून रिकाम्या हाताने परतावे लागले की तो हेलपाटाच. त्याचा संबंध अंतराशी नाही. जे मिळायलाच हवे होते ते न मिळण्याशी आहे. कचेऱ्या संगणकावर आल्या तेव्हा हेलपाटे संपतील अशी आपली भाबडी समजूत होती. ते संपले नाहीत. आता चपला झिजत नाहीत इतकेच.

नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचेच पाहा ना. आपल्या ओळखीच्या बहुतेक घरांत कुणाचा ना कुणाचा प्रॉव्हिडंट फंड असतोच. 1952 च्या कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था. पगारातून सामान्यतः बारा टक्के कापले जातात, मालकही आपला वाटा घालतो. 2014 पासून सभासदाला एक कायमचा क्रमांक मिळू लागला. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच. अर्जही घरबसल्या करता येऊ लागला. इतके होऊनही 2022-23 मध्ये अंतिम रक्कम मागणाऱ्या अर्जांपैकी सुमारे एक तृतीयांश अर्ज नामंजूर झाले. तिघांतला एक माणूस स्वतःचेच पैसे मागताना लबाडी करतो, असे मानायला माझे मन तयार नाही. अर्ज भरताना ही माणसे चुकली असणार. पण तिघांतला एक जर चुकत असेल, तर चूक माणसाची म्हणायची की अर्जाची?

आता आपल्या नावांचा विचार करा. मराठी मुलीचे नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. लग्न झाले की मधले आणि शेवटचे दोन्ही बदलतात. कित्येक घरांत पहिलेही बदलते. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि सगळे कौतुकाने पाहतात. शाळेच्या दाखल्यावरची, आधारवरची आणि नोकरीच्या कागदावरची बाई एकच आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. यंत्राला तेवढे ठाऊक नसते. पुरुषांचीही सुटका नाही. ज्ञानेश्वरातला ‘ज्ञ’ रोमन लिपीत कुणी ‘डी’पासून सुरू करतो, कुणी ‘जी’पासून. लक्ष्मण कुठे ‘एक्स’ घालून लिहिला जातो, कुठे ‘के-एस-एच’ घालून. हे स्पेलिंग त्या बिचाऱ्या लक्ष्मणाने केलेले नसते. भरतीच्या दिवशी कुणा कारकुनाने त्याला ऐकू आले तसे लिहिलेले असते. आणि वीस वर्षांनी त्या एका अक्षराचा जाब मात्र लक्ष्मणाला विचारला जातो.

या दुरुस्तीसाठी पुष्कळ काळ मालकाची संमती लागत असे. कारखाना बंद पडला असेल, मालक गाव सोडून गेला असेल, तर सही कुणाची आणायची? जानेवारी 2025 मध्ये ही वाट थोडी रुंद झाली. ज्यांचा क्रमांक ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख यांसारख्या गोष्टी स्वतःच दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, आणखी एक सुधारणा झाली. तिची कुणी फारशी चर्चा केली नाही. मला मात्र ती फार मोलाची वाटते. अर्जाबरोबर चेकचे किंवा पासबुकाचे छायाचित्र जोडण्याची अट काढून टाकण्यात आली. बँकेचे खाते क्रमांकाशी जोडतानाच खातेदाराचे नाव बँकेकडून तपासून झालेले असे. तरीही पुन्हा छायाचित्र मागितले जाई, आणि ते अस्पष्ट आले म्हणून अर्ज परत जाई. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात होते, त्याच प्रश्नावर माणसाला नापास केले जात होते.

यात कुणी दुष्ट होता असे मला वाटत नाही. पैसे काढताना खबरदारी हवीच. दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशावर डोळा ठेवणारे भामटे जगात आहेत. पण खबरदारी घेणाऱ्याचे मन कसे घडते ते पाहावे. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर त्याला जाब द्यावा लागतो. बरोबर माणसाला परत पाठवले तर त्याला कोण विचारतो? त्या हेलपाट्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. मग एकेक कागद वाढत जातो, आणि उद्या पोर्टल बांधणारा तरुण तेच कागद निमूटपणे चौकटींत मांडतो. अशा पोर्टलला ‘नवे रूप’ द्यायचे ठरले की बहुधा रंग बदलतात, बटणे गोलसर होतात. दिवाळीला समोरची भिंत रंगवून माळ्यावरची अडगळ तशीच ठेवावी, तसले हे काम.

इथे घरातले एखादे अनुभवी आजोबा मान हलवतील. म्हणतील, “पैसे काढणे अवघड आहे तेच बरे. सोपे असते तर म्हातारपणासाठी काही उरले असते का?” हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लग्नकार्य, फ्लॅट, मोटार यांत निधी कसा विरघळतो हे आपण पाहतोच. तरी मला एक फरक करावासा वाटतो. ऑक्टोबर 2025 मध्ये विश्वस्त मंडळाने ठरवले, की मधल्या काळात पैसे काढण्याच्या तेरा तरतुदी तीन गटांत आणाव्यात आणि खात्यात किमान 25 टक्के रक्कम राहिलीच पाहिजे. हे कुंपण आहे. ते आवडो न आवडो, दिसते तरी. त्यावर वाद घालता येतो, मंडळाला दोष देता येतो. अस्पष्ट छायाचित्राचे कुंपण कुणालाच दिसत नाही. शिवाय त्यात अडकतो कोण? शिकलेला, चिकाटीचा माणूस चौथ्या खेपेला पार होतो. मोबाइलचा क्रमांक बदलल्यामुळे ज्याचा ओटीपी भलतीकडे जातो असा बांधकामावरचा मजूर पहिल्याच खेपेला नाद सोडतो. त्याच्या म्हातारपणाची काळजी म्हणून हे चालले आहे असे म्हणणे धाडसाचे होईल.

आणि वाट सोपी करणाराही निर्दोष असतो असे नाही. अमेरिकेत ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी 2001 साली एका कंपनीतल्या निवृत्तिबचतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे पूर्वी नव्या नोकरदाराने स्वतः अर्ज भरून योजनेत यावे लागे. मग नियम उलटा केला: तो आपोआप आत, नको असेल तर त्याने बाहेर पडावे. सहभाग 49 टक्क्यांवरून 86 टक्क्यांवर गेला. पण कंपनीने बचतीचा आकडा तीन टक्के धरून ठेवला होता, आणि पुष्कळ जण त्या तीन टक्क्यांवरच बसून राहिले. एरवी ज्यांनी जास्त ठेवले असते असेही. कुणी तरी टेबलाशी बसून एका चौकटीत ‘3’ लिहिला, आणि ते हजारो माणसांचे मत होऊन बसले. बटण कुठे ठेवायचे एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे असे त्या लिहिणाऱ्याला बहुधा वाटत असणार.

आपल्याकडे ही टेबले पुण्याला, बंगळुरूला आहेत, आणि त्यांच्याशी बसलेली मुले आपलीच आहेत. दिवाळीला त्यांतले कुणी घरी येईल. चकलीची बशी पुढे करताना मी त्याला एकच विचारणार आहे. अर्ज परत पाठवताना ‘माहिती जुळत नाही’ एवढेच का रे लिहिता तुम्ही? ‘आधारवर तुमच्या नावात एक्स आहे, आमच्याकडे के-एस-एच आहे, यांतले खरे कोणते?’ असे लिहायला कितीसा वेळ लागतो? तो बहुधा म्हणेल, “काका, वाक्य मी लिहिलं होतं. वरून काढायला सांगितलं.” मग वरती कोण बसते तेही विचारीन.