दैवाचा क्रम पाचवा

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची बाग राखणारा शेतकरी ठिबकची निगा कशी राखतो, हे एकदा बघावं. तो फिल्टर धुतो, नळ्यांची टोकं उघडून साचलेला गाळ वाहून जाऊ देतो, क्षार बसले की आम्लाचं पाणी सोडतो, तुंबलेली तोटी हुडकून मोकळी करतो. यासाठी त्याच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. पाणी पोचलं नाही तर झाड थोड्याच दिवसांत ते सांगून टाकतं.

जैन इरिगेशनमुळे जळगावचं नाव ठिबक आणि तुषार सिंचनासाठी देशभर घेतलं जातं. याच शहरात दुकानांच्या संकुलांत, मॉलमध्ये, इस्पितळांत आणि एमआयडीसीतल्या गोदामांत छताला दुसऱ्या जातीचे स्प्रिंकलर लटकलेले असतात. त्यांच्याही नळ्यांत पाणी असतं, दाब असतो. पण ते चालू असोत वा बंद, छत सारखंच दिसतं. दहा वर्षं ते कामाला येत नाहीत, आणि कधीच आले नाहीत तर त्याहून चांगलं काही नाही. ज्या कामाचं फळ डोळ्यांना दिसणारच नाही, ते माणसाने दर आठवड्याला का करावं? केलं नाही, आणि आग लागली, तर त्याला दैव म्हणायचं का? खान्देशात हे दोन्ही प्रश्न पुस्तकी नाहीत.

आधी यंत्रणा समजून घेतली पाहिजे. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची इवलीशी कुपी असते. आतला रंगीत द्रव तापून फुगतो आणि ठरलेल्या तापमानाला कुपी फुटते: लाल कुपी 68 अंश सेल्सिअसला, पिवळी 79 ला, हिरवी 93 ला. मग अडवलेलं पाणी तबकडीवर आदळून खाली पसरतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुटत नाहीत. ज्याच्याखाली आग, तोच उघडतो. पंपवाला झोपेत असला, वीज गेली असली, अग्निशमन दलाची गाडी रेल्वे फाटकाजवळ अडकली असली, तरी कुपी आपलं काम करते. कुपी नेमकी कोणती घ्यायची, हे स्थळावर ठरतं. तिथल्या जास्तीत जास्त तापमानाहून ती साधारण 30 अंशांनी वरची असावी, असा नियम आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याखालचं गोदाम त्याहून तापतं. पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयाला चालणारी लाल कुपी इथे तशीच बसवणं हा विचार न करता केलेला कारभार ठरतो.

ही यंत्रणा मरते ती मात्र गाजावाजा न करता. एखादा सांधा गळू लागतो, खालच्या दुकानदाराचा माल भिजतो, कोणीतरी व्हॉल्व्ह बंद करतं आणि प्लंबर येईपर्यंत म्हणून बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहतो. दिवाळीच्या रंगकामात कुपीवर ऑइलपेंटचा हात फिरतो. सणाच्या मालाची थप्पी थेट छताला भिडते, मग पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. दाब टिकवणारा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो म्हणून त्याचं बटण बंद केलं जातं, डिझेल पंपाची बॅटरी उतरते, गेजचा काटा शून्यावर येतो. धुळ्यात तर नळाला पाणी कित्येक दिवसांनी येण्याचा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. अशा शहरात आगीसाठी राखलेली टाकी भरलेली दिसली की ते पाणी फरशी पुसायला आणि कुलरला वापरण्याचा मोह कोणालाही होईल. मोह समजण्यासारखा आहे, पण टाकी रिकामीच होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने, म्हणजे एनएफपीएने, स्प्रिंकलर चालायला हवे होते पण चालले नाहीत अशा आगींची कारणं तपासली आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी यंत्रणा आगीच्या आधीच बंद करून ठेवलेली होती.

31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडी गावाजवळ रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन डझनभराहून अधिक माणसं गेली. एप्रिल 2023 मध्ये साक्री तालुक्यात वासखेडीला वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात आग लागली आणि किमान चार कष्टकरी बायका जळून गेल्या. एप्रिल 2024 मध्ये जळगावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाना पेटला. या तिन्ही ठिकाणी छताला स्प्रिंकलर असते तर सगळे वाचले असते, असं म्हणणं खोटं ठरेल. रसायनाचा स्फोट पाण्याच्या फवाऱ्याला जुमानत नाही. पण अशा प्रत्येक आगीनंतर एकच वाक्य कानावर येतं. नशिबात होतं, दुसरं काय. मृताच्या आईने ते म्हटलं तर कोणी वाद घालू नये. तिच्याजवळ सहन करण्याचं तेवढंच साधन असतं. तेच वाक्य इमारतीच्या मालकाने उच्चारलं, तर मात्र त्याला थांबवून विचारलं पाहिजे.

विचारायचं ते त्याच्याच श्रद्धेच्या ग्रंथांतून. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. गीता दैव नाकारत नाही. पण त्याआधी चार पायऱ्या आहेत आणि व्यापारी इमारतीत त्या चारही बोटाने दाखवता येतात. अधिष्ठान म्हणजे ती इमारत, कर्ता म्हणजे मालक आणि भोगवटादार, करण म्हणजे पंप, नळ्या, कुप्या, आणि चेष्टा म्हणजे तपासणीचे ते कंटाळवाणे उद्योग. आग लागल्यावर आपण पाचव्या कारणाला पुढे करून पहिली चार त्याच्यामागे लपवतो. योगवासिष्ठ तर याहून कडक आहे. वसिष्ठ रामाला सांगतात की दैव नावाची वेगळी शक्तीच नाही; माणसाचाच आधीचा प्रयत्न पुढे दैवाचं रूप घेऊन येतो. जन्मजन्मांतराचा हिशेब बाजूला ठेवला तरी पंपघरात हे तंतोतंत खरं आहे. मार्चमध्ये गळतीमुळे बंद केलेला व्हॉल्व्ह मे महिन्यात दैव म्हणून समोर उभा राहतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत होती. 23 फेब्रुवारी 1991 च्या रात्री बाविसाव्या मजल्यावर, तेलाने भिजलेल्या चिंध्यांतून आग लागली. इमारतीतल्या पाण्याच्या नळांवर दाब आवरणारे व्हॉल्व्ह चुकीचे बसवून ठेवलेले होते, त्यामुळे जवानांच्या हातातल्या पाइपात पुरेसा जोरच येईना. तीन जवान गेले. आग मजल्यामागून मजला चढत राहिली. शेवटी जवानांना बाहेर बोलावून घेण्यात आलं. तिसाव्या मजल्यावर एका भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. तिथे दहा स्प्रिंकलर उघडले आणि आठ मजले खाऊन आलेली आग तिथेच थांबली. एकाच इमारतीत, एकाच रात्री, चुकीचा लावलेला व्हॉल्व्ह आणि नीट बसलेली कुपी या दोघांनीही आपापलं दैव घडवलं.

आता पहिल्या प्रश्नाकडे: फळ दिसणार नाही ते काम का करावं? मीमांसकांनी नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे कर्माचे प्रकार सांगितले. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचं. नैमित्तिक कर्म काही निमित्त घडलं की करायचं. नित्य कर्माची गोष्ट निराळी: ते केल्याने वेगळं फळ मिळत नाही, पण चुकवलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. संध्येसाठी केलेली ही मांडणी पंपघराला इतकी चपखल बसते की तिथल्या भिंतीवर ती लिहून ठेवावी. आपण देखभालीला नैमित्तिक करून ठेवलं, हेच आपलं चुकतं आहे. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. निमित्त सरलं की नैमित्तिक कर्मही सरतं.

कायद्याने मात्र ते नित्यच ठरवलं आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, आणि ती चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. जळगावचं गोलाणी मार्केट घ्या किंवा धुळ्याचा आग्रा रोड; जिथे गाळे अनेकांचे, जिने आणि टाकी सामाईक, तिथे ‘कर्ता’ कोण हा प्रश्न अवघड होतो. मालक म्हणतो, गाळेधारकांनी बघावं. गाळेधारक म्हणतो, मी भाडं भरतो. कर्तेपण शंभर जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला शून्य येतं, अशी समजूत आहे. ती चूक आहे. धूर जिन्यात शिरतो तेव्हा वाटण्या बघत नाही, आणि कायद्यातल्या ‘भोगवटादार’ या शब्दाखाली भाड्याने दुकान चालवणाराही येऊ शकतो.

कागद असूनही आतलं काम झालेलं नसतं, हे दुखणं जुनं आहे. त्यावरचं उत्तम निदान धुळ्याच्याच तुरुंगात झालेलं आहे. 1932 साली फेब्रुवारी ते जून विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं आणि त्याची ‘गीता प्रवचने’ झाली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी कर्माला विकर्माची जोड मागितली: बाहेरची क्रिया आणि तिच्यात ओतलेलं मन. मन नसलेली क्रिया त्यांच्या लेखी निर्जीव होती. सही-शिक्क्याचा फॉर्म बी हे कर्म झालं. नळीच्या सर्वांत लांबच्या टोकाला चाचणीचा व्हॉल्व्ह असतो. तो उघडून पाणी जोरात येतं का, घंटा वाजते का, पंप आपोआप सुरू होतो का, हे उभं राहून पाहणं यात विकर्म आहे. दसऱ्याला पंपाला झेंडू वाहण्याची रीत सुंदर आहे. त्याच दिवशी तो पंप अर्धा तास चालवून पाहिला, तर ती पूजा पूर्ण होईल.

अमळनेरचे प्रताप शेठ गिरणीचे मालक, आणि 1916 मध्ये त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं करणारेही तेच. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिले, साने गुरुजी तिथे शिकले. यंत्र चालवणाऱ्याने कर्तव्याचा मुळापासून विचार करावा, ही अपेक्षा खान्देशाला परकी नाही.

आणि देखभालीचा नेम टिकला नाही की काय होतं, याचं एक रूप 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ परधाडे येथे दिसलं. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, माणसं रुळांवर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान बारा जण गेले. आग नव्हतीच. पण आग लागली तर आपल्याला कोणी वाचवणार नाही, ही खात्री मात्र पक्की असावी. भीती इतकी खोल मुरते ती वर्षानुवर्षं बंद पडलेले अलार्म आणि कुलूप लावलेले जिने पाहून. चालू यंत्रणेवरचा विश्वास हाही देखभालीतूनच तयार होतो.

येत्या जुलैत आषाढी येईल, चातुर्मासाचे नेम धरले जातील. जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक गाळेधारकाने, डॉक्टरने, गोदामवाल्याने आणि हॉटेलमालकाने एक नेम त्यात घालावा. आपल्या इमारतीचा फॉर्म बी मागून घ्या, त्यावरची तारीख वाचा. मग पंपघरात जा, मुख्य व्हॉल्व्ह उघडा आहे का आणि त्याला साखळी आहे का ते बघा, गेजचा काटा वहीत लिहा आणि टोकाचा चाचणी व्हॉल्व्ह आपल्या समोर उघडायला लावा. पाणी आलं नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत वरच्या मजल्यावर माणसं बसवू नका.