लग्नाविना चौक

बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला शहराने एक नवं उद्यान करायला घेतलं. एका बाजूला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला इमारतींची दाटी आणि मागच्या भिंतीला लागून वारल्यांचा एक पाडा. विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळालं. वारली त्याच्याही आधीपासून साष्टीच्या या डोंगरांत राहत आले आहेत.

उद्यान अधीक्षक बाई मनाने चांगल्या होत्या. या मातीतल्या मूळ माणसांची शहराला ओळख व्हावी म्हणून त्यांनी प्रवेशद्वाराजवळची लांब भिंत गेरूने रंगवून तिच्यावर वारली चित्रं काढून घेतली. मधोमध मोठा चौक. उद्घाटनाला तारपा नाच ठरला. नारळ फोडायला पाड्यातल्या सगळ्यांत वयस्क आजींना बोलावणं गेलं.

आजी आदल्या दिवशीच आल्या. भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाय, लगीन कोनाचं?"

"लग्न नाही आजी, उद्या उद्घाटन आहे."

"मग चौक कशाला काढला?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. आजींनी समजावून सांगितलं. चौक लग्नघरात काढतात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो रेखतात, मधे पालघट देवी बसवतात, धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. "कागदावर आमची पोरंही चित्रं काढतात, विकतात. त्यात वावगं काय नाय. पण देवीला बोलवायचं तर घरच्यांना विचारतात ना?"

बाई कार्यालयात गेल्या आणि त्यांनी उद्यानाची फाइल काढली. वास्तुविशारदाची सही होती, विद्युत विभागाची होती, अग्निशमन दलाची होती. आसपासच्या सोसायट्यांची पत्रं होती. पाड्यातलं एकच नाव सापडलं, आजींचं, तेही निमंत्रितांच्या यादीत.

त्यांनी उद्घाटन पुढे ढकललं. आजींकडे जाऊन म्हणाल्या, "मी काय करायला हवं, ते तुम्ही सांगा."

"आधी बघायला चला," आजी म्हणाल्या.

आजी बाईंना मागच्या उतारावर घेऊन गेल्या. नकाशात तिथे लॉन होतं. कंत्राटदाराने तोडण्यासाठी एका झाडाला चुन्याची खूण केली होती. आजींनी खोडावर हात ठेवला. "हा काकड. पहिला पाऊस पडला की या मातीतून शेवळं वर येतात. नुसती शिजवली तर घसा खाजतो, काकडाचं आंबट फळ घातलं की खाज मरते. बाजारात आमच्या बायका दोन्ही बरोबरच विकतात. तुमचं लॉन आलं की शेवळं गेली, काकड गेला, चार पैसेही गेले." थोडं वर शेंदूर लावलेला एक दगड होता. तो वाघोबा. नकाशात त्याच्यावर "हटवणे" असा शेरा होता. ज्या रानात बिबटे फिरतात तिथे पाड्यातली माणसं वाघबारशीला याच दगडापुढे नारळ फोडतात आणि लेकरांची, गुराढोरांची राखण मागतात.

आजींचं मागणं थोडक्यात होतं. उताराला हात लावू नका. वाघोबा आहे तिथेच राहू द्या. झाडं दाखवायला आमची पोरं येतील, पण पगारावर. आणि पुढे काही ठरवायचं असेल तर ठरवण्याआधी बोलवा.

बाईंनी हे मागणं उद्यानाच्या समितीपुढे ठेवलं. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "उद्यान सगळ्या नागरिकांचं आहे. एकाच समाजाचा वेगळा विचार का करायचा?"

बाई म्हणाल्या, "चालण्याची वाट ठरवताना आपण सकाळी फिरायला येणाऱ्यांना विचारलं. मुलांच्या खेळण्यांसाठी सोसायट्यांना विचारलं. विचारायचे राहिले ते फक्त इथले सगळ्यांत जुने रहिवासी. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात ग्रामसभेचा शब्द मानला. बागेत तो मानायला आपल्याला कोण अडवतंय?"

वाद झाला, पण ठराव झाला. समितीत पाड्याला दोन जागा मिळाल्या आणि त्यांवर कोण बसणार हे पाड्यानेच ठरवलं. लॉन रद्द झालं. चौकावर पुन्हा गेरू फिरला. पाड्यातली दोन मुलं आणि एक मुलगी मार्गदर्शक म्हणून हजेरीपटावर आली.

पावसाळ्यात लोक तक्रार करू लागले, "एवढी मोठी भिंत मोकळी का?" बाई सांगत, "तिचं काय करायचं ते पाडा ठरवतोय." घाई कुणी केली नाही. पुढे पाड्यातल्या बायका आणि मुलं रंग घेऊन आली. त्यांनी देव काढले नाहीत. त्यांनी डोंगर काढला, काकड काढला, टोपलीत शेवळांच्या जुड्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका काढल्या, आणि डोंगराच्या पायथ्याशी उंच इमारतीही काढल्या. त्याच भिंतीजवळ उभी राहून मार्गदर्शक मुलगी शाळेच्या मुलांना सांगते, शेवळं कधी येतात, कशी ओळखायची आणि काकडाशिवाय ती का खायची नाहीत. तिला ते आजींनी शिकवलंय, आणि शिकवण्याचं मानधन आजींनाही मिळतं.

तात्पर्य: एखाद्या समाजाचं चित्र लावलं, त्याला नाचायला बोलावलं, म्हणजे त्याचा मान राखला असं होत नाही. नकाशावर शेवटची सही होण्याआधी त्याला विचारावं, तो "नको" म्हणाला तर ते ऐकावं आणि त्याच्या ज्ञानाचं मोल द्यावं. आरे असो, येऊर असो की बोरिवली, जिथे शहराची बाग पाड्याला भिडते तिथे पुढच्या बैठकीची पहिली खुर्ची पाड्यासाठी मांडावी.