गाडीचे दात

गेल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मी विजेवरची गाडी बघून आलो आणि रात्री आण्णांना मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून एकेक फोटो सरकवला, शेवटचा बघून झाला आणि विचारलं, "दात किती?"

मला हसू आलं. आण्णांनी चाळीस वर्षं बैल घेतले आणि विकले. बैलाचे दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात. दोन आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मालक काहीही सांगो, हेडी काहीही शपथा घेवो, घेणारा बैलाचा जबडा धरून ओठ मागं सारतो आणि स्वतः मोजतो. शिंगं साळून, तेल लावून, झूल घालून बैल तरणा दिसतो. दातांना ते जमत नाही.

"आण्णा, नवी गाडी आहे. झिरो किलोमीटर."

"नवी म्हणजे कधीची?"

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोरूममधल्या मित्राला फोन केला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, त्यामुळं त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "एप्रिल २०२४ ची आहे. म्हणून तर एक लाख दहा हजार कमी लावलेत तुला. पण नोंदणी २०२५ ची होणार. कुणाला कळतंय?"

कळतं, हे मला नंतर कळलं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. विक्रीचा दाखला म्हणून मिळणाऱ्या फॉर्म २१ वर ते असतं. गाडीच्या सतरा अक्षरी व्हीआयएन क्रमांकात बहुतेक कंपन्या दहाव्या जागी वर्षाचं अक्षर घालतात, २०२४ साठी आर, २०२५ साठी एस. सगळ्यात सोपं म्हणजे टायर. त्याच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १०२४ म्हणजे २०२४ चा दहावा आठवडा. टायर बहुधा गाडीच्या थोडा आधी जन्मलेला असतो, तेव्हा त्यावरून गाडीचा अंदाज येतो. शोरूममध्ये गुडघ्यावर बसून तो आकडा वाचताना मी आण्णांसारखाच दिसत असणार.

मित्राचा मुद्दा मात्र मला विचारात पाडून गेला. जी वस्तू वापरलीच नाही तिचं वय मोजायचं कुठून? कपाटातला न घातलेला शर्ट तीन वर्षांनी जुना होतो का? पेट्रोलच्या गाडीबद्दल मी कदाचित म्हटलं असतं की फारसा फरक नाही, लोखंड आहे, उभं राहून किती झिजेल. विजेच्या गाडीचं तसं नाही. लिथियमची बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते, गोठ्यात बांधून ठेवलेल्या बैलासारखी. उष्णतेनं जास्त होते आणि पूर्ण भरून ठेवली तर आणखी जास्त. आता एप्रिल २०२४ ची गाडी म्हणजे तिनं मराठवाड्याचा एक मे महिना यार्डात काढलेला. परभणीत पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा माणूस सावली शोधतो. त्या गाडीवर शेड होतं का, ती किती टक्के चार्ज करून उभी केली होती, हे कुठल्याच कागदावर नसतं.

तरी वाढवून सांगत नाही. एका वर्षात बॅटरी मरत नाही, थोडीशी झिजते. आणि बॅटरीची हमी, जी साधारण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची असते, ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या नावावर झाली तेव्हापासून चालते. एवढंच असतं तर एक लाख दहा हजारांत मी खुशीनं ती गाडी आणली असती.

पण एवढंच नसतं. आपल्याकडं 'मॉडेल' हा शब्द फार सैल आहे. अमेरिकेत वर्ष संपायच्या आधीच पुढच्या वर्षाचं मॉडेल दुकानात येतं. दरवर्षी काहीतरी बदलून आधीची गाडी जुनी वाटायला लावायची, ही चाल १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं रुजवली. तिकडं हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत तीच चालली होती. आपल्याकडं 'कितवं मॉडेल' म्हणजे कधी उत्पादनाचं वर्ष, कधी नोंदणीचं, बोलणाऱ्याच्या सोयीनं. त्यामुळं या आकड्याला काही अर्थ नाही असं म्हणायचा मोह होतो, आणि पेट्रोलच्या गाड्यांत बरीच वर्षं ते खरंही होतं.

विजेच्या गाड्या मात्र तुमच्या हातातल्या मोबाईलसारख्या बदलतायत. टाटांची नेक्सॉन ईव्ही घ्या. जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती आणि चाचणीतला पल्ला ३१२ किलोमीटर. मे २०२२ मध्ये ४०.५ ची बॅटरी आणि ४३७ किलोमीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ ची, पल्ला ४८९. रस्त्यावर यातलं बरंच कमी मिळतं, तरी नाव तेच ठेवून पोटातली गाडी बदलत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर बॅटरीच्या सेलच्या किमती उतरल्या म्हणून कंपनीनं याच गाडीची किंमत १,२०,००० रुपयांपर्यंत खाली आणली. जानेवारीत घेतलेल्यांनी काय केलं असेल? २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, त्यांचा दुसरा टप्पा मार्च २०२३ अखेर लागू झाला. म्हणजे त्या वर्षी मार्चची आणि एप्रिलची वस्तू यांत दिसायला काहीच फरक नसला तरी नियमांचा होता.

हे सगळं वाचून मी मित्राला पुन्हा फोन केला. "आता जी नवी गाडी येतीय तिच्यात काय बदललंय?"

तो जरा थांबला. "बॅटरी मोठी आलीय."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

या तीन शब्दांवर मी बरेच दिवस अडकून राहिलो. माझ्यासाठी मोठी बॅटरी ही चैन नव्हती. मायला दर तीन आठवड्यांनी उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं. जिंतूर, मंठा, जालना करत सुमारे दोनशे किलोमीटर. छोट्या बॅटरीवर, उन्हाळ्यात, एसी लावून म्हणजे येताना कुठंतरी पाऊण तास थांबणं आलं, आणि उपचारानंतर माय गाडीत बसल्यापासून एकच विचारते, घर कधी येईल. मित्राला मायचं दुखणं माहीत होतं. तो वाईट माणूस नाही. मार्चअखेरचं टार्गेट होतं, यार्डात जुना माल होता आणि मी विचारलं नव्हतं.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमचा सिसेरो इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर पुस्तक लिहितो, त्यात एक व्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्याला सोन्याचा भाव आहे. हा अलेक्झांड्रियाहून धान्य भरून पोचतो आणि वाटेत त्यानं पाहिलंय की मागून धान्यानं भरलेली आणखी गलबतं येतायत. लोकांना सांगितलं तर भाव पडणार. सांगावं का? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्यानं जे सांगायला लावलंय तेवढं सांग, खोटं बोलू नकोस, बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळल्यानं फरक पडतो ते सगळं सांगायला हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूनं जातो.

माझा मित्र डायोजेनिसच्या बाजूचा, आणि खरं सांगायचं तर आपला बहुतेक बाजार त्याच बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, किंमत कळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण पुढच्या महिन्यात काय येणार आहे ते सांगा, असं कुठला कायदा दुकानदाराला कसं म्हणेल? तिथं कायदा संपतो आणि शाळेतला बाक सुरू होतो. मला राग आला तो विक्रेत्याचा नव्हता, मित्राचा होता.

हे मी आण्णांना तावातावानं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. त्यांच्याकडं एक चौसा होता, दिसायला देखणा, पण बसका. ऊन तापलं की जू मानेवर घेऊन वावरात बसायचा, चाबूक मोडला तरी उठायचा नाही. त्यांनी तो सकाळच्या गार वेळी बाजारात विकला. घेणाऱ्यानं दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला. "बसतो का, असं त्यानं विचारलं नाही अन् म्या सांगितलं नाही." माणूस पालम तालुक्यातला होता. आण्णा अजून त्या गावावरून जायची वेळ आली की फेरा घालून जातात. हे ते पश्चात्ताप म्हणून सांगत नव्हते, रस्ता लांब का पडतो ते सांगत होते.

मी मोठ्या बॅटरीची, नव्या वर्षाची गाडी घ्यायचं ठरवलं, त्याच मित्राकडून. म्हणजे एक लाख दहा हजारांची सूट गेली आणि बॅटरीचे वरचे पैसे आले. ते भरून काढायला घरातली जुनी पेट्रोल गाडी चांगल्या भावात जाणं भाग होतं.

ती गाडी आमच्या घरात पहिल्यापासून 'सोळाचं मॉडेल' आहे. नऊ वर्षं आम्ही तिला तसंच म्हणत आलो, कारण फेब्रुवारी २०१६ मध्ये ती दारात आली, मायनं ओवाळली. मानवतकडचा एक तरुण बघायला आला. दुधाचा धंदा, लग्न ठरलेलं, पहिलीच गाडी. बोनेट उघडून त्यानं आत बघितलं, पण काय बघायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग विचारलं, "भाऊ, कितवं मॉडेल?"

"सोळाचं," मी म्हणालो. अजिबात अडखळलो नाही. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही.

ओसरीवरच्या बाजेवरून आण्णांचा आवाज आला, "पंधराचं हाय ते. डिसेंबरचं. आरसी दाखव त्याला."

मी आरसी आणून दिली. त्यानं ती दोनदा वाचली, माझ्याकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं, आणि बारा हजार कमी केले. मला आण्णांचा इतका राग आला की तोंडातून शब्द फुटेना. त्यानं विचारलं असतं तर मी कागद दिलाच असता, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो, आणि म्हणता म्हणता माझ्याच कानाला ते ओळखीचं वाटलं.

पोरगा आरसी हातात धरून उभा होता. भावाचं बोलणं झालं होतं, पण पैसे अजून खिशात होते. "अजून काही असंल तर सांगून टाका भाऊ," तो म्हणाला. "मला गाडीतलं काही कळत नाही."

मी चावी घेतली, गाडी चालू केली आणि एसीचं बटण दाबलं, म्हणजे कॉम्प्रेसरचा आवाज त्याला ऐकू येईल.