उजाड वस्ती आणि आपला निवाडा



सूरह हजमध्ये (२२:४५-४६) उजाड वस्त्यांचा आणि ओस पडलेल्या विहिरींचा उल्लेख आहे. माणसे पृथ्वीवर फिरून या खुणांपासून बोध का घेत नाहीत, असा प्रश्नही तेथे केला आहे. म्हणजे उजाड वस्ती पाहणे हे श्रद्धावंताचे कर्तव्यच होय. परंतु ती पाहून नेमके काय समजावे?

पनवेलहून घाट चढून पुण्याच्या पलीकडे, पठारावर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती मातीतून वर आली. घरांच्या जमिनी, चुली, धान्याची पेवे, पिकांसाठी नदीचे पाणी वळवण्याचा पाट, असे सारे तेथे होते. घराच्या जमिनीखालीच, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत, मेलेली लेकरे पुरलेली होती. पुढे चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास वस्ती ओस पडली. पाऊस कमी होत गेला, हे ढवळीकरांनी त्याचे प्रमुख कारण मानले.

अशा ठिकाणी उभे राहून ‘त्यांनी पाप केले, म्हणून ते नष्ट झाले’ असे म्हणणे फार सोपे असते. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे उत्तर द्यायला येत नाहीत. पण हाच निवाडा जरा जवळ आणून पाहा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे सापडली नव्हती. ती कष्टकरी ठाकर कुटुंबे होती. त्या दिवसांत जुम्म्याच्या नमाजनंतर एका सज्जनाने मला विचारले, “मौलाना, हा अजाबच ना?” मी ‘अल्लाहची मर्जी’ एवढेच म्हणालो आणि पुढे गेलो. ते उत्तर नव्हते, ती पळवाट होती. आज राहिलेले उत्तर देतो.

समूद जातीवर अजाब आला हे आपण जाणतो, कारण अल्लाहने ते वह्यीद्वारे कळवले. तबूकच्या मोहिमेत प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या हिज्र येथील अवशेषांजवळून गेले, तेव्हा सहाबांना त्यांनी रडत रडतच तेथे प्रवेश करण्यास सांगितले; आपल्यावरही तेच ओढवू नये, हे भय मनात असावे म्हणून. निवाडा ठाऊक असलेल्या ठिकाणीही शिकवण मिळाली ती अश्रूंची आणि स्वतःविषयीच्या भयाची. मग ज्यांच्याविषयी वह्यी नाही, त्यांचा निवाडा करणारे आपण कोण? स्वर्गाची शुभवार्ता मिळालेले ह. अबू उबैदा (रजि.) हिजरी १८ मध्ये अमवासच्या प्लेगने गेले. त्यांच्या मृत्यूला कोणता मुसलमान अजाब म्हणेल?

त्याच साली मदीनेत भीषण दुष्काळ पडला. ह. उमर (रजि.) यांनी लोकांची पापे मोजली नाहीत. त्यांनी स्वतःच्या ताटातले तूप बंद केले, बाहेरून धान्य मागवले आणि पावसासाठी हात पसरले. संकटात त्यांनी पहिला हिशेब मागितला तो स्वतःकडे.

आपण अजाब हा शब्द इतक्या घाईने का उच्चारतो? कारण त्याने आपली सुटका होते. मृत दोषी ठरले की जिवंतांना कोणी काही विचारत नाही. इरशाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना पावसात पायी डोंगर चढावा लागला. दरडीपूर्वी त्या वाटेने आपल्यापैकी कितीजण शेजारी म्हणून वर गेले होते? हिशेबाच्या दिवशी त्या लोकांच्या पापांविषयी आपणांस विचारले जाणार नाही. शेजाऱ्याच्या हक्काविषयी मात्र विचारले जाईल.

इनामगावच्या त्या मडक्यांपुढे हेच आठवावे. कोणा आईने आपले लेकरू दूर नेले नाही, घरातच ठेवले. तिचा निवाडा अल्लाहकडे आहे. आपल्याकडे आहे तो फक्त बोध, आणि तोही स्वतःसाठी.

अल्लाह आपणांस पाहणारे अंतःकरण देवो. आमीन.