शंकासमाधान : तारीख, मोदक आणि भरवसा

प्रश्न : माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण पंधराव्या वर्षी. आता बत्तीस वर्षांची आहे. मंडळीत साक्षी होतात तेव्हा लोक दिवस-वेळ सांगतात, ‘त्या रात्री मला प्रभू भेटला’ म्हणतात. माझ्याकडे अशी तारीखच नाही. माझा विश्वास खरा म्हणायचा का?
– एक भगिनी, घोरपडी

उत्तर : ज्यांच्याकडे तारीख होती, त्यांचं पुढे काय झालं ते आधी पाहू.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. शास्त्रं कोळून प्यायलेली बाई, स्वतः विचार करून घेतलेला निर्णय. पण 1907 साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. म्हणजे 1891 साल. तेव्हा त्या आपल्या पुण्यातच होत्या. शारदा सदन आदल्याच वर्षी मुंबईहून इथे आलं होतं. विधवा मुलींची शाळा चालवायची, जमाखर्च सांभाळायचा, वर रोज कोणत्या ना कोणत्या वर्तमानपत्राचा मार खायचा, अशा धबडग्यात त्यांना ते उमगलं. आणि उमगल्यावर वाट सोपी झाली म्हणावं, तर तेही नाही. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं.

रमाबाईंवर ज्यांचा मोठा प्रभाव पडला, ते फादर नेहेम्या गोऱ्हे घ्या. काशीत वाढलेले चित्पावन पंडित, 1848 साली बाप्तिस्मा. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी या माणसाचा पिच्छा सोडला नाही. दुसऱ्यांचं शंकासमाधान करता करता स्वतःच्या शंकांशी झुंजत राहिले. हे सदर लिहायला बसलो की मला हटकून त्यांची आठवण येते, का ते विचारू नका.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत रडणं आहे, भांडण आहे, सोवळं आहे आणि ते हळूहळू सुटत जाणंही आहे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ काढून वाचा. विश्वास कुठल्या पानावर आला, त्यावर बोट ठेवून दाखवता येतं का बघा. मला तरी आलं नाही.

प्रभूने बी पेरणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो झोपतो, उठतो, आणि रोप कसं वाढलं ते त्याला कळत नाही. तुम्ही रविवारी उपासनेला येता, कुणाशी बिनसलं तर प्रभुभोजनाआधी मिटवता, तारीख नसल्याची रुखरुख लागते म्हणून मला पत्र लिहिता. जमिनीखाली काहीच नसतं तर रुखरुख लागली असती का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत आमचं एकच ख्रिस्ती घर. गणपतीत शेजारच्या काकू मोदक आणून देतात. आमच्या प्रार्थना-गटातल्या ताई म्हणतात, प्रसाद घेतला की विश्वासाला तडा जातो. घ्यावा की नाही?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुण्याला हा वाद नवा नाही. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांपुढे चहा आला. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे तिथे होते. कोण कोण होतं त्यांची नावं वर्तमानपत्रात आली, ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. तेव्हा ख्रिस्त्यांच्या चहाने हिंदूंचा धर्म बुडत होता. आता हिंदूंच्या मोदकाने आपला बुडतो म्हणे!

पण ताईंना हसण्यावारी नेऊ नका. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात या एका प्रश्नावर तीन अध्याय, आठ ते दहा, खर्च केले आहेत. मूर्ती म्हणजे काहीच नाही, असं तो एकीकडे म्हणतो. दुसरीकडे बजावतो की हा नैवेद्य आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, आणि आपल्या मोकळेपणाने दुबळ्या भावाला ठेच लागू देऊ नका. ताई स्वतः पहिल्या पिढीतल्या विश्वासी असतील, तर त्यांच्यासाठी मोदक हा नुसता मोदक नाही. सोडून आलेलं सगळं घर त्यात आहे. त्यांच्यासमोर खाऊ नका, आणि वादही घालू नका.

आमच्या घरची रीत सांगतो. वीस-एक वर्षांपूर्वी मी समोरच्या वहिनींना एकदाच, हसत म्हटलं, ‘वहिनी, आमचे नैवेद्याआधी काढता येतील का?’ तेव्हापासून आमचे पाच मोदक वेगळ्या डब्यात पडतात, वर तुपाची वाटी. त्याच डब्यातून नाताळला करंज्या आणि केक जातो आणि वहिनी दारातच विचारतात, ‘अंडं नाही ना?’ दोघांनाही आजवर राग आलेला नाही. ज्याला आपल्या देवाचा भरवसा आहे, त्याला शेजाऱ्याच्या दाराची धास्ती का वाटावी?

प्रश्न : रोज बायबलचे किती अध्याय वाचावेत?
– एक विद्यार्थी, खडकी

उत्तर : समजतील तेवढे. परीक्षेच्या दिवसांत एक स्तोत्र पुरे. वंशावळ्या आल्या की पुढे सरकलात तरी मी कुणाला सांगणार नाही.

प्रश्न : दोन वर्षं नोकरीसाठी प्रार्थना करतोय. उपास केले. सात मुलाखती झाल्या, सातही ठिकाणी नकार. एका सभेत प्रवचनकार म्हणाले, विश्वास पुरेसा असता तर मिळालं असतं. आता प्रार्थनेला बसलं की स्वतःचीच लाज वाटते.
– एक तरुण, पिंपरी

उत्तर : बेटा, प्रवचनकार चुकले. विश्वास म्हणजे रिचार्ज नव्हे, की बॅलन्स कमी म्हणून फोन लागला नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा तसाच राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने जे मागितलं, ते मिळालं नाही. त्या दोघांचा विश्वास कमी पडला, असं तुझे प्रवचनकार म्हणतील का?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, खात्री आणि भरवसा. खात्री गोष्टीची असते : गाडी येईल, पगार होईल. भरवसा माणसावर असतो. ‘माझा तुझ्यावर भरवसा आहे’ म्हणताना तू नेमकं काय करशील, हे मला ठाऊक नसतं. नोकरीची खात्री मी तुला देऊ शकत नाही, बायबलही देत नाही. ती देणाऱ्यापासून जरा लांबच राहा, विशेषतः पाठोपाठ दानाची पिशवी फिरत असेल तर. बायोडेटा मात्र कुणा जाणत्याला दाखव. सात नकारांमागे एखादं साधं कारणही असू शकतं, आणि ते शोधणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आणि लाजेबद्दल. माझ्या मावशीला बायबलच्या समासात पेन्सिलीने तारखा टाकायची सवय होती. ज्या दिवशी जे मागितलं त्याची तारीख, आणि कधी पुढे ‘मिळालं’. तिच्यामागे ते बायबल माझ्याकडे आलं. बऱ्याच तारखांपुढे काहीच नाही. स्तोत्र 88 मधला माणूस रात्रंदिवस हाका मारतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, सुटका नाही. तिथे मावशीने तारीख घातली आहे, तिचे यजमान गेले त्याच्या चौथ्या दिवसाची. पुढे एकच शब्द : ‘हो.’

त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा नवी तारीख आहे.